बोस्टनच्या एका बँकेचा उदयास्त



व्याजाची गणिते आम्ही तीस वर्षे फळ्यावर सोडवली. बँक बुडते कशी, हे मात्र क्रमिक पुस्तकात नव्हते. म्हणून ‘बँक ऑफ न्यू इंग्लंड’ची हकीकत सांगतो.

१९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रांतातील बँकांना शेजारच्या राज्यांत हातपाय पसरण्याची वाट मोकळी केली. बोस्टनच्या या होल्डिंग कंपनीने त्याच साली कनेक्टिकटमधील मोठी बँक आपल्यात सामावून घेतली. कारभार ३० अब्ज डॉलरांवर गेला. कर्जे मात्र मोठ्या प्रमाणावर जमीन-इमारतींवर! भाव चढते होते तोवर तारण भक्कम भासे. ते कोसळताच कर्जे थकली. ४ जानेवारी १९९१ रोजी, शुक्रवारी, प्रचंड तोटा जाहीर झाला आणि ठेवीदारांची रीघ लागली. रविवारी सरकारने तिन्ही बँका ताब्यात घेतल्या. ठेवी विमा महामंडळाने वाचवल्या. होल्डिंग कंपनीने सोमवारी दिवाळे काढले, भागधारक बुडाले.

आपल्याकडे बँकेतील ठेवींना विमा ५ लाखांपुरताच, पतसंस्थांना तोही नाही. आमची निवृत्तीची पुंजी पतसंस्थेतच आहे. तिचा ताळेबंद आम्ही यंदा प्रथमच मागितला. “गुरुजी, आजवर कोणी मागितला नव्हता,” असे म्हणत कारकुनाने कपाट उघडले.