काशीचा बुडुआ

आज बोलतोय काशीच्या शिंदे घाटावरून. आपल्याकडे डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा. खण-नारळ देऊन त्यांना राजी ठेवायचं, संध्याकाळी तिकडे फिरकायचं नाही. इकडे भोजपुरी मुलखात पाण्यात असतो बुडुआ. हा देव नव्हे, बुडून मेलेला माणूस. पोहणाऱ्याचा पाय ओढतो म्हणतात.

आणि पाणी इथं खरंच दगा देतं. गंगा वळते त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला हे सगळे घाट. समोर वाळवंट, इकडे खोल. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला हा घाटसुद्धा स्वतःच्या भारानं खचला होता.

स्वीडनच्या नद्यांत ‘नेक्केन’ असतो. फिडल वाजवून माणसांना पाण्यात ओढतो. पण त्याची एक गोष्ट वेगळी आहे. पाद्री त्याला म्हणतो, माझ्या काठीला पालवी फुटेल तेव्हा तुझा उद्धार. तो रडायला लागतो. मग त्या वाळक्या काठीला खरोखर पालवी फुटते.

आता काशीत मरणाऱ्याला मोक्ष, मग बुडुआ उरतोच कसा? लोक हा वाद घालत बसत नाहीत. अकाली गेलेल्यासाठी पिशाचमोचन कुंडावर त्रिपिंडी श्राद्ध करतात. मूल बुडालेली आई तिथं भूत हाकलायला येत नाही, लेकराला सोडवायला येते. कुंडाजवळच्या पिंपळाच्या खोडात खिळ्यांनी ठोकलेली नाणी दिसतात.