कोलाज : डकविलेले चित्र

‘कोलाज’ हा शब्द ‘चिकटविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रात डकविले आणि भोवती दोराची चौकट घातली. त्याच वर्षी ब्राकने आव्हिन्योंच्या दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणून त्याचे तुकडे कोळशाच्या रेखाटनात चिकटविले. ब्राक रंगाऱ्याचा मुलगा. लाकडाचा तसा भास कुंचल्याने उठविण्याचे शिक्षण त्याने घेतलेच होते. तरीही त्याने छापील कागद पत्करला, तो आळसाने खचित नव्हे. नकलेचे काम यंत्राने केले होते. चित्रकाराकडे उरली ती रचना. रंगपेटी नसलेल्या मुलाने जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे खळीने डकवून आणले, तर गुण देताना पाहावयाचे ते हेच, की कोणता तुकडा त्याने कोठे ठेवला.