जुन्या बंदुकीचा स्क्रू



पूर्वीं कित्येक घरांत प्रवासासाठीं फिरकीचा तांब्या असे. झांकण फिरवून घट्ट बसविलें, कीं गाडी कितीहि हिंदळली तरी थेंब सांडत नसे. पण दोन तांब्यांचीं झांकणें एकमेकांत बदललीं, तर एकहि नीट बसत नसे. तांबटानें ज्या तांब्यासाठीं जें झांकण घडविलें, तें त्याचेंच. आजची माझी गोष्ट अशाच एका जोडीची आहे. मात्र ती बंदुकीची आहे.

माझ्या मामांच्या दिंडोरीकडील मळ्यांत रानडुकरांपासून पीक राखण्याकरितां एक जुनी विलायती दुनळी आहे. परवाना अर्थातच आहे. एकदां साफसफाई करतांना तिच्या कळेचा, म्हणजे घोडा व चाप यांना जोडणाऱ्या आंतल्या योजनेचा, एक स्क्रू हरवला. जोडीचा दुसरा स्क्रू माझ्या हातीं देऊन मामा म्हणाले, "नाशकांत काय मिळत नाहीं? असाच एक घेऊन ये."

रविवार कारंज्याजवळच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानांत मी गेलों. वयस्क दुकानदारांनीं स्क्रू बोटांत फिरविला, खणांतून चार-पांच तसलेच काढून शेजारीं मांडले आणि विचारलें, "कशाचा हा?" मीं खरें तें सांगितलें. तेव्हां त्यांनीं आपले स्क्रू पुन्हां खणांत टाकले. म्हणाले, "बसेलसा एखादा देतां येईल, मास्तर, पण तो बसलेला नसेल, अडकलेला असेल."

या बोलण्यांतलें मर्म असें. स्क्रूच्या अंगावरील मळसूत्रास कारागीर आटे म्हणतात. स्क्रूची जाडी, आट्यांतील अंतर आणि त्यांचा कोन हीं तिन्ही जुळलीं, तरच स्क्रू खरा बसतो. १८४१ सालीं इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें सर्वांसाठीं एक माप सुचविलें: कोन ५५ अंशांचा, आणि पाव इंची स्क्रूस इंचामागें २० आटे. त्यापूर्वीं ज्या त्या कारखान्याचे आटे निराळे. पुढें १८६४ मध्यें अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें ६० अंशांचा कोन धरला. दुसऱ्या महायुद्धांत या भेदानें दोस्त राष्ट्रांस इतकें सतावलें, कीं नोव्हेंबर १९४८ मध्यें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं एकच माप मान्य केलें. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली. बाजारांत ज्याला "दोन सूत" म्हणतात, तो पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्याच्या जवळचा दशमान स्क्रू ६ मिलिमीटरचा. त्याचे आटे एकेक मिलिमीटरवर, तर व्हिटवर्थचे १.२७ वर. हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं; लोखंडास कळतो.

बंदुकांचें तर याहूनहि निराळें. जुने बंदूक-कारागीर आपापल्या हत्यारांनीं आटे पाडीत. एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचेहि आटे स्वतःचे होते. उंची बंदुकींत स्क्रू पुरा आवळल्यावर त्याच्या डोक्यावरची खांच नळीच्या रेषेंत यावी, अशा बेतानें तो त्या एकाच भोंकासाठीं घडवीत. तेथें परका स्क्रू दोन फेरे जातो आणि अडतो. वर जोर केला, कीं आंतले जुने आटे सोलून निघतात. मग अस्सल स्क्रू सांपडला तरी व्यर्थ! ढिला राहिला, तर कळ हलते, आणि चाप न ओढतांहि घोडा पडण्याचें भय. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदुकीची दुरुस्ती परवान्यावांचून करतां येत नाहीं.

मामा रागावले. "दोन रुपयांच्या स्क्रूसाठीं एवढी यातायात?" पण मामींनीं एकच वाक्य उच्चारलें, "बंदूक गालाशीं तुम्हीच धरणार ना?" बंदूक परवानाधारक कारागिराकडे गेली. त्यानें उरलेल्या स्क्रूचे आटे मोजून लेथवर नवा कातून दिला. त्यांत तीन आठवडे गेले, आणि मक्याच्या चार ओळीहि डुकरांनीं नेल्या. त्या परत मिळण्यासारख्या होत्या. मामांचा डोळा नव्हता.

आपल्या घरीं बंदूक नसेल. पण जुनें शिवणयंत्र असेल, भिंतीवरचें घड्याळ असेल. त्यांचेहि आटे पुष्कळदां त्यांचेच असतात. दुकानांत जातांना जुना स्क्रू बरोबर न्यावा, आणि नवा स्क्रू पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनीं गेला नाहीं, तर हातांतलें हत्यार खालीं ठेवावें. जोर करण्याआधीं थांबावयास त्या दुकानदारांनीं मला शिकविलें, आणि त्याचे कांहींहि पैसे घेतले नाहींत.