मास्क ज्याचा त्यानं करावा



लग्नाचा अल्बम उघडा, चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे पाहा, नाहीतर एखाद्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घ्या. फोटोभोवती त्याच फाटक्या कागदाच्या कडा आणि तेच ब्रशचे फटकारे दिसतात. अशा कडा देणारा तयार मास्क फुकट मिळतो आणि एकच फाइल गावोगाव फिरते. परवा एका श्रद्धांजलीच्या फलकावर रंगपंचमीचे शिंतोडे पाहिले! म्हणून आज माझं सांगणं एवढंच आहे, की मास्क ज्याचा त्यानं करावा.

मास्क म्हणजे फोटोला जोडलेलं दुसरं चित्र, फक्त करड्या छटांचं. ते पांढरं असेल तिथे फोटो दिसतो, काळं असेल तिथे झाकला जातो, आणि करड्या जागी विरळ दिसतो. रांगोळीच्या छाप्याला एक तर भोक असतं किंवा नसतं. आठ बिटांच्या मास्कमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये आणखी २५४ पायऱ्या असतात. सगळी नजाकत या पायऱ्यांत आहे. शिवाय खोडरबरानं फोटो कायमचा पुसला जातो, तर मास्कमागे तो जसाच्या तसा शाबूत राहतो.

ही युक्ती संगणकाची नाही. एकोणिसाव्या शतकातले स्टुडिओवाले पुठ्ठ्याला अंडाकृती भोक पाडून त्याच्या कडा करवतीसारख्या कातरत. तो पुठ्ठा कागदापासून जरा वर धरून छपाई केली, की चेहऱ्याभोवतीची पार्श्वभूमी हळूहळू विरत जाई. पुढे छापखान्यात रुबीलिथ नावाची लाल फिल्म आली. तिथे फोटो घ्यायला वापरायच्या लिथ फिल्मला लाल प्रकाश जाणवत नाही, म्हणून तिच्या लेखी लाल म्हणजे काळंच. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये आज ‘क्यू’ दाबून क्विक मास्क सुरू केला, की झाकलेल्या भागावर लाल थर दिसतो. ती त्या रुबीलिथचीच आठवण आहे.

आता कृती. खरखरीत हातकागद घ्या. पसरट ब्रश काळ्या शाईत बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत निपटा आणि एका दमात फटकारा ओढा. कागदाच्या खळग्यांत शाई पोचत नाही आणि कडेला केसांच्या रेघा उमटतात. असे बरेच फटकारे मारून त्यातला एक निवडा. तो ३०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. ए-फोर आकाराला सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेल मिळतात. छपाईसाठी यापेक्षा कमी नको. मग फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये कागद पुरता पांढरा आणि शाई पुरती काळी करा. इथे हात आवरता घ्यावा, कारण मधलं करडं सगळं मारलं तर कडा कात्रीनं कापल्यासारख्या दातेरी होतात. शेवटी इन्व्हर्ट करा, म्हणजे शाईची जागा पांढरी होऊन तिच्यातून फोटो दिसेल.

फोटोच्या लेअरला मास्क जोडा, ऑल्ट दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करा आणि फटकारा तिथे पेस्ट करा. पैसे खर्च करायचे नसतील तर गिंपमध्येही हे होतं. तिथे पेस्ट केल्यावर अँकर करायला विसरू नका. फोटोशॉपमध्ये फोटो आणि मास्क यांच्यामधलं साखळीचं चिन्ह काढलं, की मास्क वेगळा सरकवता येतो. मग फटकाऱ्याचा भरीव भाग चेहऱ्यावर येईल असा तो बसवा. कडेच्या रेघा खांद्यावर, पदरावर, मागच्या झाडावर चालतील, डोळ्यांवर नाही. सजावटीनं माणूस खाल्ला तर ती सजावट वाया गेली.

शाईच हवी असं नाही. वाळलेलं पिंपळपान, गोणपाटाची उसवलेली कड, ओल्या खडूचा ठसा, जे काळ्या-पांढऱ्यात उतरेल त्याचा मास्क होतो. मात्र ज्याचा फोटो आहे त्याच्याशी त्या वस्तूचं काही नातं असावं. विणकराच्या फोटोला गोणपाटापेक्षा त्याच्याच मागावरची दशी शोभेल.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. जेपीईजीमध्ये लेअर आणि मास्क टिकत नाहीत. मूळ फाइल पीएसडी किंवा गिंपच्या एक्ससीएफमध्ये जपून ठेवा आणि जेपीईजीची प्रत फक्त पाठवण्यासाठी काढा.