जुना सोफा घेताना

आपलं शहागड धुळे-सोलापूर महामार्गावरचं.
जुना सोफा बीडहून आणा,
नाहीतर छत्रपती संभाजीनगरहून.
टेम्पोचं भाडं आलंच.
घरी आणल्यावर खोट निघाली,
तर परतीचं भाडंही आपल्याच माथी.
म्हणून कापड नंतर बघा.
आधी सांगाडा बघा.

पुढचा एक कोपरा वीतभर उचला.
पुढचा दुसरा पाय लगेच वर आला,
तर सांगाडा घट्ट.
जमिनीलाच टेकून राहिला,
तर सांधे सैल झालेत.

मग सोफा उलटा करायला सांगा.
पिठासारखा भुसा सांडला,
तर लाकडाला कीड आहे.
मातीच्या रेघा दिसल्या, तर वाळवी.
दुकानदार कुरकुरेल.
कुरकुरू द्या.

आता ढेकूण.
शिवणी फाकवा,
मोबाईलचा टॉर्च मारा.
बारीक काळे ठिपके दिसले,
तर सोफा फुकट मिळाला तरी नको.

कापड विटलंय? स्पंज दबलाय?
घाबरू नका.
कुशनवाला ते बदलून देतो.
तेवढ्यासाठी भाव मात्र पाडून घ्या.
पुन्हा सांगते,
आधी सांगाडा, मग कापड.

आणि हो, घरून निघताना
आपल्या दाराची रुंदी सुतळीनं मोजा.
ती सुतळी खिशात ठेवा.