प्रश्न डॉक्टरांना विचारा



रायपूरमधल्या ज्या रुग्णालयाला आपण 'मेकाहारा' म्हणतो, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. याच बाबासाहेबांनी १९३४ साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांचं वकीलपत्र घेतलं होतं. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात हस्तमैथुनासारख्या विषयांवर वाचकांच्या प्रश्नांना सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक विषयावरचं सगळंच लेखन अश्लील नसतं, असं बाबासाहेबांनी ठासून मांडलं. तरी कर्व्यांना दंड झालाच.

आज तेच प्रश्न तरुण मुलं मोबाइलला विचारतात आणि उत्तरादाखल पॉर्न समोर येतं. त्यात नट निवडून घेतलेले, दृश्यं कापून जोडलेली. संमती, निरोध, थकवा, संकोच बहुतेकदा गाळलेले. हे मोजमाप मानलं की स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड येतो, जोडीदाराकडून भलत्या अपेक्षा वाढतात आणि ऐन वेळी भीती दाटते. लिंगाला ताठरता न येण्यामागे ही भीती असू शकते, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा एखादं औषधही असू शकतं. म्हणून तपासणी हवीच.

पण पॉर्न पाहणारा प्रत्येक जण आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार नोंदला आहे. लैंगिक ऊर्मी महिनोन्‌महिने आवरत नाही, अभ्यास, नोकरी, संसार कोलमडतो, तेव्हा हे निदान होतं. नुसती अपराधी भावना म्हणजे विकार नव्हे. वीर्य गेल्यानं अशक्तपणा येत नाही. भिंतीभिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती अशक्तपणाच्या भीतीवरच पोसल्या जातात. अशा जाहिरातदारांना पैसे देऊ नका.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. अल्पवयीन मुलांची लैंगिक दृश्यं पाहणं, बाळगणं गुन्हा आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आणि त्याच निकालात लैंगिक शिक्षणाचा आग्रहही धरला.

तेव्हा पालकहो, मुलानं विचारलं तर रागावू नका, खरं सांगा. नवरा-बायकोत अडचण असेल तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. मेकाहारा आहे, एम्स आहे. मनावर ताण असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. लाजेपायी उपचार लांबवू नका.