बंड न करणारा बंडखोर : जनरल विसेंते रोखोची गोष्ट

हेडफोन लावले असतील, बसमध्ये किंवा लोकलमध्ये जागा मिळाली असेल, तर चला. आज जायचंय स्पेनला. गोष्ट युद्धाची आहे, पण त्यातला माणूस तलवार उपसून धावणारा नाही. तो नकाशावर वाकून बसणारा, चष्मा लावणारा, मास्तरकी केलेला लष्करी अधिकारी आहे. नाव विसेंते रोखो. स्पॅनिशमध्ये 'रोखो' म्हणजे लाल. गंमत अशी, की आडनाव लाल असलं तरी हा माणूस अजिबात 'लाल' नव्हता. कम्युनिस्ट तर नाहीच. श्रद्धाळू कॅथलिक, शिस्तीचा, जुन्या वळणाचा.

आता सरळ मुद्द्यावर येतो. १९५७ साली माद्रिदमध्ये लष्करी न्यायालयापुढे या माणसावर खटला चालला. वय साठीच्या पुढे. आरोप? बंडाचा. शिक्षा? तीस वर्षं. आणि खरी गोष्ट काय? १९३६ मध्ये स्पेनच्या लष्करातल्या ज्या सेनानींनी सरकारविरुद्ध बंड केलं, त्यांच्यात हा नव्हता. त्याने बंड केलं नाही, हाच त्याचा गुन्हा ठरला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी, तसंच काहीसं.

हे असं कसं झालं? त्यासाठी आधी त्याचं घर बघायला हवं. खरं सांगायचं तर, त्याला घर असं नव्हतंच.

लष्कर हेच घर

८ ऑक्टोबर १८९४. वॅलेन्सिया प्रांतातलं ला फोंत दे ला फिगेरा नावाचं लहान गाव. तिथे विसेंते जन्माला आला. वडील लष्करातच होते, पण मुलाचं तोंड बघायच्या आधीच ते गेले. आईही लहानपणीच गेली. पोरगं पोरकं झालं.

त्या काळी स्पेनमध्ये पायदळाची एक सोय होती. मरण पावलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी तोलेदो शहरात एक वसतिगृहासारखी शाळा होती. विसेंते तिथे वाढला. विचार करा, ज्याला आईवडील नाहीत त्याला जेवू कोणी घातलं? लष्कराने. कपडे, पुस्तकं कोणी दिली? लष्कराने. आपण म्हणतो ना, 'खाल्ल्या मिठाला जागणं'? त्याच्या बाबतीत ते मीठ अक्षरशः लष्कराचं होतं.

१९११ मध्ये तो तोलेदोच्याच पायदळ अकादमीत दाखल झाला आणि १९१४ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडला. कित्येक वर्गमित्रांना मागे टाकून, अगदी वरच्या क्रमांकाने. पुढे उत्तर आफ्रिकेत, मोरोक्कोच्या बाजूला काही काळ नोकरी. मग १९२२ पासून जवळजवळ दहा वर्षं तो पुन्हा तोलेदोच्या अकादमीत, आता शिक्षक म्हणून. एमिलियो आलामान या सहकारी अधिकाऱ्याबरोबर त्याने लष्करी पुस्तकांची एक मालिका सुरू केली. जगात युद्धशास्त्रात काय नवीन चाललंय ते स्पॅनिश अधिकाऱ्यांना वाचायला मिळावं, एवढाच हेतू. हे आलामानचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

ही अकादमी होती अल्काझारमध्ये. तोलेदोच्या टेकडीवरचा तो प्रचंड चौकोनी किल्लेवजा राजवाडा. रोखोच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं त्या भिंतींच्या आत गेली.

घर फुटलं

आता थोडी पार्श्वभूमी, पटकन. १९३१ मध्ये स्पेनचा राजा देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आलं. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या पक्षांची आघाडी जिंकली. जुलैमध्ये लष्करातल्या एका मोठ्या गटाने सरकारविरुद्ध उठाव केला. पुढे त्यांचा म्होरक्या झाला फ्रँको. तोही याच तोलेदो अकादमीचा विद्यार्थी, रोखोपेक्षा थोडा आधीचा.

उठाव झाला त्या दिवसांत प्रत्येक अधिकाऱ्यापुढे एकच प्रश्न होता : मी कुणाच्या बाजूने? उत्तर देताना विचारधारा बघायची, धर्म बघायचा, मित्र बघायचे, की शपथ?

बाकी सगळं बघितलं असतं तर रोखो फ्रँकोकडे जायला हवा होता. तो कॅथलिक होता आणि सरकारच्या बाजूच्या मुलखात चर्च जाळली जात होती, पाद्र्यांना मारलं जात होतं. हा आकडा थोडाथोडका नाही, संपूर्ण युद्धात जवळजवळ सात हजार पाद्री, भिक्षू आणि नन मारले गेले. त्याचे जवळचे मित्र दुसऱ्या बाजूला होते. तरी तो सरकारकडे राहिला. का? कारण आपण निवडून आलेल्या सरकारचे सैनिक आहोत, हे त्याच्या मनात पक्कं होतं. सरकार आवडतं की नाही, हा भागच नव्हता.

असा विचार करणारा तो एकटा नव्हता, बरं का. बुर्गोस शहरात जनरल दोमिंगो बातेत होता, तोही कॅथलिक. उठावात सामील व्हायला त्याने नकार दिला. बंडवाल्यांनी त्याला पकडलं आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये गोळ्या घातल्या. आणि फ्रँकोचा सख्खा मावसभाऊ-आतेभाऊ गटातला, म्हणजे चुलत-मावस नात्यातला एक जवळचा भाऊ, रिकार्दो दे ला पुएंते, हवाई दलात मेजर होता. त्याने तेतुआनचा विमानतळ बंडवाल्यांच्या हाती द्यायला नकार दिला. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यालाही गोळ्या घातल्या. लहानपणी दोघं एकत्र खेळलेले. फ्रँकोने त्याला वाचवलं नाही.

म्हणजे हे युद्ध दोन देशांमधलं नव्हतंच. एकाच पंगतीला बसलेल्या माणसांमधलं होतं.

९ सप्टेंबर १९३६

आता परत तोलेदोला या. तिथे अल्काझारमध्ये कर्नल मोस्कार्दो आणि त्याची माणसं बंडाच्या बाजूने आत अडकून बसली होती. सोबत बायका आणि मुलंही होती. बाहेरून सरकारी फौजांचा वेढा. मोस्कार्दोचा मुलगा लुईस सरकारी बाजूच्या हाती सापडला होता आणि ऑगस्टमध्ये त्याला मारण्यात आलं होतं.

शरण या, असं सांगायला आत कुणाला पाठवायचं? निवड झाली मेजर रोखोची. कारण आतले लोक त्याला ओळखत होते. त्याचे जुने सहकारी होते ते. ज्याच्याबरोबर त्याने पुस्तकं काढली तो आलामानही आतच होता.

डोळ्यांवर पट्टी बांधून रोखोला आत नेलं. ज्या इमारतीचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ, तिथे डोळे बांधून! मोस्कार्दोने शरणागती साफ नाकारली. मात्र त्याने एक मागणी केली. आम्हाला एक पाद्री पाठवा. आणि ती मागणी बाहेर पोचली. दोन दिवसांनी माद्रिदहून एक पाद्री खरोखरच वेढ्यातून आत गेला, मुलांचे बाप्तिस्मे केले, प्रार्थना केली आणि परत आला.

रोखोला तिथेच थांबता आलं असतं. आत मित्र होते, धर्मही एकच होता. तो थांबला नाही. पुन्हा डोळ्यांवर पट्टी बांधून तो बाहेर आला, आपल्या बाजूला. त्याची बायको आणि मुलं सरकारच्या ताब्यातल्या माद्रिदमध्ये होती, हेही विसरू नका. माणसाचे निर्णय नेहमी एकाच कारणाने होत नाहीत. पण पुढची अडीच वर्षं त्याने ज्या तळमळीने काम केलं, ते नुसत्या भीतीपोटी होणारं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी फ्रँकोच्या फौजांनी वेढा फोडला आणि अल्काझार ही त्यांच्यासाठी मोठी शौर्यगाथा झाली.

माद्रिद

६ नोव्हेंबर १९३६ ची रात्र. फ्रँकोच्या फौजा माद्रिदच्या वेशीवर. सरकारने राजधानी सोडली आणि वॅलेन्सियाचा रस्ता धरला. मागे ठेवलं जनरल मिआखाला, आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ म्हणून रोखोला. हुकमाचं पाकीट दिलं, वर लिहिलेलं : सकाळी सहाच्या आधी उघडू नये. त्यांनी ते रात्रीच उघडलं. बघतात तर काय, मिआखाच्या पाकिटात दुसऱ्याच जनरलचे हुकूम! पाकिटांची अदलाबदल झाली होती. म्हणजे गोंधळ किती होता ते बघा. आपल्याकडे कुठे किती सैन्य आहे, दारूगोळा किती आहे, याचाही धड पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी नशिबाने हात दिला. शत्रूचा एक छोटा इटालियन रणगाडा निकामी झाला, आणि त्यातल्या मृत अधिकाऱ्याकडे हल्ल्याचा लेखी आराखडा सापडला. खरा हल्ला येणार होता कासा दे काम्पो या मोठ्या जंगलवजा उद्यानाच्या बाजूने. दुसरीकडची धडक नुसती हूल होती. रोखोने रातोरात सैन्य हलवलं. ८ तारखेला हल्ला आला तेव्हा समोर भिंत उभी होती. माद्रिद पडलं नाही. ते पडलं थेट मार्च १९३९ मध्ये, युद्धाच्या शेवटी.

पण त्याच आठवड्यांत, त्याच माद्रिदच्या तुरुंगांतून दोन हजारांहून जास्त कैद्यांना बाहेर नेऊन पाराकुएयोसजवळ मारण्यात आलं. सरकारी बाजूच्या लोकांनी. रोखो नकाशांवर काम करत होता, पण तो ज्या बाजूसाठी लढत होता, तिच्या नावावर हेही आहे. शपथ पाळणाऱ्याचे हात स्वच्छ राहिले तरी त्याची बाजू स्वच्छ असेलच असं नाही. हे न सांगता गोष्ट पुढे नेली तर ती अर्धवट होईल.

हरलेला सेनापती

१९३७ मध्ये रोखो संपूर्ण सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ झाला, जनरल झाला. ब्रुनेते, बेल्चिते, तेरुएल, एब्रो या मोठ्या मोहिमांचं नियोजन त्याचं. कागदावर योजना सुंदर, सुरुवातही जोरदार. जुलै १९३८ मध्ये एका रात्रीत एब्रो नदी ओलांडली, तेव्हा भलेभले चकित झाले. पण फ्रँकोकडे जर्मन आणि इटालियन विमानं, तोफा, रसद. प्रत्येक वेळी पुढे मारलेली मुसंडी हळूहळू चिरडली जायची, आणि माणसं मरायची, हजारोंनी. एवढी किंमत मोजायला हवी होती का, यावर त्याच्यावर आजही टीका होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये कॅटलोनिया पडलं आणि तो फ्रान्समध्ये गेला. पंतप्रधान नेग्रीन उरलेल्या मुलखात लढायला परत गेले. रोखो गेला नाही. आता लढणं म्हणजे फक्त माणसं मारणं, असं त्याचं मत होतं. काहींना हे शहाणपण वाटतं, काहींना पळपुटेपणा. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा.

मग अर्जेंटिना. मग १९४३ पासून बोलिव्हिया, कोचाबांबा शहर. तिथे पुन्हा मास्तरकी! बोलिव्हियन अधिकाऱ्यांना युद्धशास्त्र शिकवायचं. १९५७ मध्ये तब्येत साथ देईना, मायदेशाची ओढ होतीच, म्हणून परतला. आणि मग तो खटला. तीस वर्षांची शिक्षा माफ झाली, तुरुंग टळला. पण नागरी हक्क काढून घेतलेले तसेच राहिले. जिवंत माणूस, स्वतःच्या देशात, पण कायद्याच्या लेखी जणू नाहीच. १५ जून १९६६ ला तो माद्रिदमध्ये वारला. त्याच शहरात, जे त्याने वाचवलं होतं.

आणि पुतण्या

कुटुंबाची गोष्ट इथे संपत नाही. गॅब्रिएल गार्सिया मार्केस तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल, निदान रीलमध्ये तरी बघितला असेल. 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'च्या स्पॅनिश पुस्तकाचं ते प्रसिद्ध मुखपृष्ठ, ज्यात एक 'ई' अक्षर उलटं आहे, ते काढणाऱ्या चित्रकाराचं नावही विसेंते रोखो. हा जनरलचा पुतण्या. वडील युद्धानंतर मेक्सिकोत निर्वासित झाले, आणि हा १९४९ मध्ये त्यांच्याकडे गेला. पुढे मेक्सिकोतला मोठा चित्रकार झाला, आणि 'एरा' नावाच्या प्रकाशनसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक.

१९६७ मध्ये याच 'एरा'ने एक पुस्तक छापलं, माद्रिदच्या बचावाबद्दलचं. लेखक : जनरल विसेंते रोखो. काका गेल्याच्या पुढच्याच वर्षी. आणि २००६ मध्ये जनरलचा नातू, होसे आन्द्रेस रोखो, ज्याचा जन्म बोलिव्हियात झाला आणि जो स्पेनमध्ये पत्रकार झाला, त्याने आजोबांचं चरित्र लिहिलं. ज्या पोराला आईबापांचं छत्र मिळालं नाही, त्याचं नाव शेवटी त्याच्या घरच्यांनीच जपलं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू? लष्कराने ज्याला वाढवलं, त्याच लष्कराच्या न्यायालयाने त्याला बंडखोर ठरवलं. युद्ध जिंकणारा नुसती जमीन जिंकत नाही, शब्दांचे अर्थही जिंकतो. बंड कुणी केलं आणि निष्ठा कुणी राखली, हे निकालाच्या कागदावर जिंकलेल्याच्या मर्जीने लिहिलं जातं. ते पुन्हा सरळ लिहायला मग कधी पुतण्या लागतो, कधी नातू.

तुम्ही रोखोच्या जागी असता, तर अल्काझारमधून बाहेर आला असता का? आत सगळे मित्र, बाहेर शपथ आणि बायकामुलं. मला नक्की कळवा, आणि ज्या मित्राशी तुमचे राजकारणावरून खटके उडतात ना, त्याला हा भाग आवर्जून पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि ऐकत राहा!